सुपातलं इंजिन

मी भात वाळत घालत होते तेव्हा फोन आला. मुलगा महाडला कामाला असतो. "आये, बाबा बाजारात पडले... गेले," म्हणाला. मोटरसायकल पडवीत उघडून ठेवलेली, म्हणून नवरा आमच्या उमरठहून एसटीने महाडला गेला होता. खिशात पिस्टनच्या दोन नव्या रिंगांची पुडी निघाली. कपड्यांबरोबर तीही माझ्या हातात आली.

गाडी जपानी, आरएक्स शंभर. नाव शंभर, पण इंजिन अठ्ठ्याण्णव सीसीचं. टू-स्ट्रोक, अकरा घोड्यांची ताकद, चार गिअर. मी चौथी शिकलेली, पण हे मला पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषयच नसे. एकदा म्हटलं, "भाजीत मीठ नाय, ते तरी सांगा." तर म्हणाले, "पिस्टन पन्नास मिलिमीटर रुंद, त्याची वर-खाली चालबी पन्नास. असं जुळणं माणसांत नाय गो!"

"आपलं तर नायच," मी म्हटलं. त्यावर पोटभर हसले.

देवमाणूस वगैरे नव्हते. हट्टी होते. इंजिन उघडलं की माझी सुपं पळवायचे. जो भाग आधी निघाला तो डावीकडे, मग पुढचा, अशी सुपात रांग. बसवताना उलटं यायचं. सुपाला कोणाचा हात लागला तर घर डोक्यावर घेत.

बाराव्याआधी पडवी सारवायची म्हणून जावेने सगळी सुपं एका गोणीत उपडी केली. तिचं तरी काय चुकलं? पडवीत माणसं बसायची होती. मुलगा म्हणाला, "आये, आता भंगारात देऊ."

मी म्हटलं, "रिंगा आणायला गेले नि परत आले नाय. त्या बसल्याबिगर गाडी दारातून हलायची नाय."

कार्य उरकल्यावर पोलादपूरचा मेकॅनिक बोलावला. गोणीत डोकावून तो म्हणाला, "काकी, हे कोडं हाय."

"मग बस खाली. सोडवू."

सुपं पुन्हा मांडली. इतकी वर्षं पाहिलेली रांग मी आठवून सांगायची, तो बसवून बघायचा, चुकलं की पुन्हा काढायचा. एक वॉशर मिळेना. जावेने पडवीच्या कडेचं सारवण खरवडलं आणि वॉशर काढून दिला. पिस्टनची पाळी आली तेव्हा रिंगांची पुडी मी सोडली. सगळं जुळल्यावर बऱ्याच किका वाया गेल्या... मग निळा धूर सुटला आणि कोंबड्या परसात पळाल्या.

गाडी आता मुलगा चालवतो. सुपांनी तेलाचा वास धरलाय. "फेक गो ती, तांदळाला वास लागतो," जाऊ म्हणते. तांदळाला मी नवं सूप आणलं. जुनी पडवीत खिळ्याला आहेत. इंजिन जुनं आहे, पुन्हा उघडावं लागणारच.