परवानाधारकाची बायको

वरूडजवळच्या मळ्यातले चंद्रभान आणि मनकर्णाबाई बावीस वर्षांत कुठंही एकत्र मुक्कामाला गेले नव्हते. संत्र्यांच्या बागेत रानडुकरं शिरायची म्हणून चंद्रभाननं बारा बोअरची बंदूक घेतली होती. परवान्याची बंदूक ओस घरात सोडायची नाही, हा त्याचा नेम. लग्न असो की मयत, एकानं घरी राहायचं. बहुतेक वेळा मनकर्णाबाईनंच.

गेल्या हिवाळ्यात भोपाळला त्यांच्या लेकीला, रागिणीला, मुलगा झाला. बारशाला दोघंही या, म्हणून ती अडून बसली. चंद्रभानचा परवाना साऱ्या भारतात चालणारा होता, म्हणून त्यानं बंदूक सोबतच घेतली. रिकामी करून खोळीत बांधली, शेजारच्या रामरावच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली ठेवली. काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना शर्टाच्या खिशात. गाडी चालवायला रामरावच होता.

मुलताई गाव मागं पडलं आणि चंद्रभानच्या छातीत कळ आली. रामरावनं गाडी तडक बैतुलच्या दवाखान्यात घातली. स्ट्रेचर वर गेलं. मनकर्णाबाई मागोमाग निघाली, तर रामराव आडवा आला.

"वयनी, थे बंदूक?"

"तुमी बसा ना गाडीत."

"मी एकटा नाही बसत. परवाना भाऊच्या खिशात हाय. कोनी पाह्यलं तं मले आत टाकतीन. मुलूखबी आपला नाही."

जीपच्या मागच्या दाराचं कुलूप लागत नव्हतं. मनकर्णाबाई परत सीटवर बसली. रामराव परवाना आणायला वर जाऊन आला. रुग्णाचे कपडे फक्त घरच्यांना देतात, आणि उपचाराच्या कागदावर सही बायकोचीच पाहिजे, असं नर्सनं सांगितलं होतं.

"मी गेली तं तुमी पळसान," ती म्हणाली.

रामराव जमिनीकडं पाहत राहिला.

रागिणीला फोन केला. ती निघाली होती, पण पोचायला चार तास होते. टाचेला सीटखालची खोळ लागत होती. मनकर्णाबाईनं पाय वर घेतले. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या तिनं तीनतीनदा मोजल्या. त्यातली त्याची कोणती, ते कळायला मार्ग नव्हता. नर्स दारात येऊन ओरडून गेली, "चंद्रभान के साथ कौन है?"

फाटकाशी पोलीस चौकी होती. तिनं जीपमधूनच हात करून म्हाताऱ्या हवालदाराला बोलावलं आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं.

"लाइसेंस दिखाइए," तो म्हणाला.

"ऊपर, उनके जेब में."

"तो ले आइए."

"मैं उतरी तो इसके पास कौन रहेगा? आप लाओ. मैं यहीं बैठती."

हवालदारानं सीटखाली वाकून पाहिलं. मग रामरावला तिथंच उभं राहायला सांगून तो जिने चढला. सहीचा कागद आणि परवाना, दोन्ही घेऊन आला. तिनं जीपमध्ये बसूनच सही केली. पुढं पंचनामा, नंबर लिहिणं, काडतुसं मोजणं. बंदूक ठाण्यात जमा झाली आणि पावती हातात पडली, तोवर दोन तास गेले होते.

ती वर पोचली तेव्हा धोका टळला होता. चंद्रभाननं डोळे उघडले.

"बंदूक कोठी हाय?"

"ठान्यात."

"तू दिली?"

तिनं मान डोलावली. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी रागिणी आली, तेव्हा मनकर्णाबाई तिच्या कानाशी म्हणाली, "खाली बसून तुह्या बाबाचा जीव एकदाबी मनात आला नाही पोरी. थे बंदूकच येत होती." आणि मग ती पहिल्यांदा रडली.

चंद्रभान आठवड्यानं घरी आला. परवाना त्याच्या नावावर, म्हणून बंदूक परत आणायला त्यानं स्वतःच बैतुलला गेलं पाहिजे, आणि डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात. तो दर सकाळी विचारतो, कधी जायचं. कुठंही गेली तर तो एकटा राहील, म्हणून मनकर्णाबाई घरीच असते.

"डाक्टर म्हनतीन तवा," ती सांगते, आणि त्याच्या गोळ्या काढून देते.