स्वतःलाच दिलेले एकसष्ट मार्क

माझ्या नवऱ्याने, म्हणजे जयतीर्थरावांनी, एकदा स्वतःलाच मार्क दिले. शंभरपैकी एकसष्ट. लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला अजून जमत नाही.

आम्ही मूळचे तंजावरचे. मद्रासला तिरुवल्लिक्केणीत दोन खोल्यांत राहायचो आणि हे एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. एकोणीस वर्षं नुसते ट्यूटर. आवडता विषय जुन्या ग्रीकांचा न्याय. मान कुणाला द्यावा? ज्याच्या अंगी त्या कामाचा गुण असेल त्याला. कूळ बघायचं नाही, पैसा बघायचा नाही. ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ झालं होतं, रस्सम ढवळता ढवळता धडा म्हणून दाखवला असता. आणि एवढा न्यायाचा कैवारी माणूस बढतीच्या वेळी दर खेपेला मागे, कारण अर्जच करायचा नाही. "लायकी दिसली तर बोलावतील की. मागायचं कशाला?" माझं कपाळ.

अठ्ठावन्न साली विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ह्यांना त्रेपन्न पूर्ण, पंचावन्नला रिटायर. आता नाही तर कधीच नाही. या वेळी अर्ज मीच लिहिला आणि सही होईपर्यंत कॉफी दिली नाही. दुसरा अर्ज एकच आला, वेंकटरमणचा. तो ह्यांचाच विद्यार्थी.

मग प्रिन्सिपॉलांची चिठ्ठी आली. विभागात तुम्हीच जुने, तेव्हा दोन्ही उमेदवारांवर अभिप्राय लिहून द्या. दुसरा कुणी असता तर दोघांबद्दल चार बऱ्या ओळी खरडून मोकळा झाला असता. ह्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले. शिकवणं, वाचन, शिस्त, लेखन. ग्रीक भाषेला पंधरा मार्क. वेंकटरमण तीन वर्षं एका पाद्रीबाबांकडे ग्रीक शिकला होता, त्याला बारा. स्वतःला दोन. बेरीज झाली एकसष्ट आणि चौसष्ट.

"एकोणीस वर्षांचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"जुनेपणा म्हणजे गुण नव्हे."

"बरं, त्या मुलाला शिकवलं कुणी?"

"ते 'शिकवणं'मध्ये धरलंय. दोनदा कसं धरू?"

अय्यो, काय बोलायचं या माणसाशी. कागद सहीनिशी गेला. जागा वेंकटरमणला मिळाली. तो केळ्यांचा फणा घेऊन आला, ह्यांच्या पाया पडला आणि रडला. तो लबाड असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

नवरात्रात मी प्रिन्सिपॉलांकडे कोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला गेले. त्यांच्या बायकोने, विजयलक्ष्मीअम्माने, मला बाजूला घेतलं. म्हणाली, "कमिटीने रावांचंच नाव ठरवलं होतं. फाइलला एक कागद हवा होता, एवढंच. पण दुसरा सरस आहे असं त्यांनीच लिहून दिल्यावर कमिटी काय करणार?"

तिथून घरी कशी आले मला ठाऊक नाही. पायातल्या चपला न काढता ह्यांना सगळं सांगितलं. वर आणखीही बोलले. तुमच्या ग्रीकांना बायकापोरं नव्हती का, तुम्हाला न्याय करायला आपलंच घर सापडलं का, असलं बरंच. आज आठवलं की लाज वाटते. त्या वेळी मात्र सगळं मनापासून बोलले होते.

ह्यांनी पेटीतून त्या कागदाची कार्बन कॉपी काढली आणि बोट फिरवत बेरीज केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आता कशाला?"

"कुठेतरी तीन मार्क चुकले असतील असं वाटलं," ते म्हणाले. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "मला ती जागा फार हवी होती, हेमा."

एकोणतीस वर्षांच्या संसारात 'मला हवंय' असं ते पहिल्यांदाच बोलले, आणि ते द्यायला माझ्या हातात काहीच नव्हतं.