आप्पांनी मोजलेले सोळाशे मीटर

"घरी फोन कर," एवढंच हवालदारसाहेब म्हणाले. मी बूट पुसत होतो. अशा निरोपाचा अर्थ फौजेत कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना कळतो. वडील गेले होते. गावी, रिह्यात, आमच्या भाताच्या खाचरात बांध घालता घालता छातीत कळ आली आणि... मी पोचलो तोवर सावडणंही उरकलं होतं. आप्पांचं तोंड मला पाहायला मिळालं नाही.

गावात आप्पांना मान होता तो मोजणीसाठी. बांधावरून भांडण लागलं की दोरी घेऊन त्यांनाच बोलावणं यायचं. ते म्हणतील ती हद्द, वीतभर इकडेतिकडे नाही. कॉलेज संपल्यावर मी सैन्यात जायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्यांना ते रुचलं नाही. मी एकुलता एक. "हितं काय कमी हाय तुला? हिंजवडीत नोकरी बघ, सांजच्याला घरी येशील." मी ऐकलं नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "सोळाशे मीटर मोजून ठिवल्यात तुला. घोडामैदान जवळच हाय." भरतीची धाव तेवढीच असते. ओढ्याच्या मोरीपाशी त्यांनी दगड रोवून चुना फासला होता. तिथून घराच्या ओट्यापर्यंत पळायचं. मला वाटलं, बाप विरघळला!

साडेपाच मिनिटांच्या आत यायला हवं होतं. चार महिने जिवाचं रान केलं, पण सहाच्या आत एकदाही आलो नाही. आप्पा ओट्यावर बसलेले असायचे. "किती?" "सहा दहा." "न्हाई जमायचं रं. सोड नाद." हे ते इतक्या मायेनं म्हणायचे की दोनदा मी खरंच सोडणार होतो. मोबाइलवर अंतरही मोजता येतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण आप्पांनी मोजलेलं पुन्हा मोजायचं, असं आमच्या गावात कुणी करत नाही.

भरतीच्या मैदानावर मी पाच वीसमध्ये आलो. वाटलं, गर्दीमुळे चेव आला असेल. पेढे घेऊन घरी गेलो, तर आप्पा पेढा हातात धरून बसले. "पाच वीस?" एवढंच विचारलं आणि खाचराकडे निघून गेले. मी निघालो त्या दिवशी एसटीपर्यंतही आले नाहीत. तो राग मी पुढे जपला. फोन केला की आईशीच बोलायचो. हे लिहिताना लाज वाटते.

दहाव्याच्या आदल्या सकाळी करमेना, म्हणून मोरीपासून पळालो. मनगटावरच्या घड्याळात अंतर आलं अठराशे चाळीस. पुन्हा पळालो. तेवढंच. आई तांदूळ निवडत होती, तिला विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांची चूक व्हईल का कदी? तू दमून नाद सोडशील, म्हनून दगुड लांब रोवला त्यांनी. त्यानंच तुज्या पायात बळ आलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कुटल्या तोंडानं सांगत्याल? मीच धाडला पोराला, म्हनायचे. टीव्हीवर सीमेची बातमी लागली, की उठून मोरीकडं जायचे."

सांगितलं असतं तर हसलो असतो, असं लिहायला बरं दिसेल. पण मी भडकलोच असतो. आजही थोडा चिडलेला आहे, आणि चिडायला समोर माणूस नाही...

सुट्टी संपली त्या सकाळी खरे सोळाशे कुठे भरतात ते पाहावं म्हणून घरापासून चालत निघालो. घड्याळात सोळाशे झाले तिथे थांबलो. कडेच्या गवतात एक दगड होता, जमिनीतून बोटभर वर आलेला. त्यालाही चुना होता, थरावर थर, दर दिवाळीला मोरीच्या दगडाला फासायचे तसा. म्हणजे आधी आप्पांनी नीटच मोजलं होतं. मुलाला खोटी हद्द दाखवली, पण खरी हद्द बुजू देणं काही त्यांच्यानं झालं नाही.

घरी येऊन चुन्याचा डबा घेतला. दोन्ही दगडांना हात फिरवला आणि एसटीला गेलो.