कमलाबाई काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशीही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा दुसऱ्याच कशाकशाबद्दल बोलत राहते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — आता गिळून बसवत नाही, इतकंच.

मी दुभाषी आहे. भोपाळमध्ये हिंदी-इंग्रजीचं काम करते. घरी मराठी. वडील नागपूरहून इथल्या कारखान्यात आले आणि आम्ही इंद्रपुरीत वाढलो. बोलण्यात जरा हिंदी घुसली की आई डोळे वटारायची, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदीशिवाय पान हलायचं नाही. दोन भाषांच्या मध्ये उभं राहणं मला कुणी शिकवलं नाही. त्याचा मला गर्व होता. फार होता.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते आणि पुन्हा आईच्या गोष्टी सांगते, बघा.

पाऊस वेडावाकडा पडायला लागला आणि शहरातला एक नाला दरवर्षी लोकांच्या घरांत शिरू लागला. तो रुंद करायचं ठरलं. मदत परदेशातून येणार होती — हवामानबदलाला तोंड द्यायला देशादेशांनी मिळून जो निधी उभा केलाय, त्यातून. नाल्याकाठची एक वस्ती त्यासाठी उठवावी लागणार होती. पण त्या निधीचा एक नियम होता, आणि मी तो लोकांना कौतुकाने सांगायचे: ज्यांना उठवायचं त्यांची संमती हवी. त्यांनी तक्रार केली तर निधीची माणसं स्वतः येणार, इथल्या सरकारी माणसांना बाहेर बसवून समोरासमोर ऐकणार. विचार करा ना — एवढी सरकारं एका टेबलाभोवती बसतात, वर्षानुवर्षं भांडतात, आणि शेवटी कागदावर उतरतं काय, तर नाल्याकाठच्या बाईचं ऐकून घ्यायचं! मला भरून यायचं. खरंच यायचं.

वस्तीने तक्रार केली. निधीच्या एक वकीलबाई आल्या. आणि त्यांच्या अन् वस्तीच्या मधली खुर्ची माझी.

ते काम मला बोरकरांमुळे मिळालं होतं. बोरकर म्हणजे ज्या खात्याकडे हा नाला होता तिथले अधिकारी, आणि आमच्या गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस. इथे आपण मराठी माणसं मूठभर. कुणाच्या मुलाचा प्रवेश असो, कुणाची बदली असो, एकमेकांना धरूनच राहायचं. निधीने दुभाषी मागितला आणि त्यांनी माझं नाव सुचवलं. सरकारी माणसांना बाहेर ठेवायचा नियम खरं तर तिथेच वाकला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, ‘ताई, या लोकांचं बोलणं फार पसरट असतं. तुम्ही आपलं नीट आटोपशीर सांगा.’ बस, एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. चहा पिऊन गेले.

सुनावणी एका शाळेच्या वर्गात होती. बोरकर बाहेर, व्हरांड्यात. वस्तीतर्फे कमलाबाई बोलणार होत्या. त्या जवाहर चौकातल्या घरांमधून पोळ्या करायच्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. वकीलबाईंकडे बघून बोलायचं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, पण त्या बोलल्या माझ्याकडे बघून.

खूप बोलल्या. साहेब आले, बैठक घेतली, विचारलं — घरात पाणी शिरतं ते थांबायला हवं की नको? सगळ्यांनी हात वर केले. तीच संमती म्हणून वर गेली. ‘हाथ तो पानी के लिए उठाए थे, दीदी. घर देने की बात तो किसी ने पूछी ही नहीं.’ बैठक बोरकरांची होती. मग त्या नव्या जागेबद्दल बोलल्या. शहराच्या पार बाहेर, जायला धड बस नाही. चौकातली कामं सुटली तर मुलीची शाळा सुटेल. आणि शेवटी, हळू आवाजात — नाला रुंद करा, आम्ही कुठे नको म्हणतो, पण आम्हाला इथेच जवळपास ठेवा.

मी काय सांगितलं? मी सांगितलं — बैठक झाली होती असं या म्हणतात. पाणी थांबावं म्हणून सगळ्यांनी हात वर केले. लांब जावं लागेल, याची काळजी वाटते.

यातला एक शब्द खोटा काढून दाखवा. नाही काढता येणार. हेच माझं कसब.

वकीलबाईंनी पेन थांबवलं. इतकं बोलल्या त्या, आणि एवढंच? मी हसले. म्हटलं, तेच तेच पुन्हा सांगताहेत. मला हसताना पाहून कमलाबाईही हसल्या. त्यांना वाटलं असणार, गाडी रुळावर आहे. ते हसू मला अजून दिसतं. भाजी चिरताना दिसतं, आरशात दिसतं. का केलं मी? आपला माणूस अडकू नये म्हणून? पुढची कामं मिळावीत म्हणून? की पोळ्या करणाऱ्या बाईचं बोलणं पसरटच असणार, हे मलाही आतून पटलेलं होतं? तिन्ही खरी आहेत. तिसरं जास्त.

अहवाल आला. तक्रार टिकली नाही. त्यात एक ओळ होती: तक्रारदारांचं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या भाषेत पूर्ण ऐकून घेतलं आहे.

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, भ्यायली बिचारी, होतं असं. मलाही इथेच थांबायचं होतं. पण पुढचं आहे.

कमलाबाई एका दुपारी माझ्या घरी आल्या. पत्ता विचारत, चालत. अहवाल मान्य नसेल तर फेरसुनावणी मागता येते, असं त्यांना कळलं होतं. मुदत संपत आली होती. वस्तीतल्या लोकांनी त्यांना माझा सल्ला घ्यायला पाठवलं होतं — माझा! ‘आपने तो सब बताया था ना, दीदी?’ त्यांनी सहज विचारलं. संशय नव्हता हो त्यात, जरासुद्धा.

मी म्हटलं, सब बताया था.

आणि म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं. फेरसुनावणीला नियमाने दुसरा दुभाषी येईल. त्याच कमलाबाई तेच बोलतील, आणि तो ते सगळं सांगेल. मग माझं जुनं सांगणं त्याच्या शेजारी ठेवलं जाईल. आणि मी अगदी मायेने — हो, मायेनेच — त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, ‘उन्होंने सब सुन लिया है, कमलाबाई. दोबारा बुलाने से कुछ नहीं होगा.’

त्या म्हणाल्या, ‘सब सुनके भी?’

‘हाँ,’ मी म्हटलं. ‘सब सुनके भी.’

शाळेच्या वर्गात मी भ्याले होते. या वेळी मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी बोलले. दूरदेशी कुणीतरी आपलं ऐकेल, एवढा एक विश्वास त्या बाईकडे होता. तो मी माझी कातडी वाचवायला काढून घेतला.

मुदत गेली. वस्ती उठली. नाला रुंद झाला, आता पाणी कुणाच्या घरात शिरत नाही. चौकातल्या घरांत दुसरी बाई पोळ्या करते. मुलीच्या शाळेचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पुढे वकीलबाई नव्या जागी पाहणीला आल्या आणि त्यांनी मलाच बोलावलं. दुसरं कुणी जाऊ नये म्हणून मी गेले. तिथे उन्हात पत्र्याखाली सगळे बसले होते. वकीलबाईंनी विचारलं, मी हिंदीत सांगितलं: कुणाला काही म्हणायचं असेल तर मोकळेपणाने बोला. कुणी बोलेना. सगळे कमलाबाईंकडे बघत होते. त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं — रागाने नाही, एखाद्या बंद दाराकडे बघावं तसं — आणि मग माझ्याकडे वळून आपल्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, ‘बोल दो इनको, दीदी. हमें कुछ नहीं कहना.’

ते मी शब्द न शब्द सांगितलं.