तीन कोटेशनचा प्रिंटर

आमच्या ह्यांचं नाव नीलकंठ वैरागडे. सरकारी भांडार शाखेत एकोणतीस वर्षं नोकरी केली, आणि नोकरी सुटली तरी शाखा काही सुटली नाही. तिथं टाचण्यांचा डबा घ्यायचा असला तरी तीन दुकानांचे कोटेशन लागत. रिटायर झाल्यावर घरचा कुकर घेतला, तोही तीन कोटेशनवर. तोवर दीड महिना मी पातेल्यात डाळ शिजवली. बोलत नाही का मी? बोलतेच. पण ऐकते कोण!

या जानेवारीत मले प्रिंटर पाहिजे होता. हौस म्हणून नाही. रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी अकरा वर्षांपासून दर उन्हाळ्यात पोट्ट्यांचा मराठी वर्ग घेते. सगळे विदर्भातून आलेल्या घरचे. आजी मराठीत विचारते, पोट्टं हिंदीत उत्तर देते. मागच्या वर्षी माझ्या हातच्या पानांची झेरॉक्स इतकी फिकी आली की आयाच म्हणाल्या, "दीदी, कुछ दिखता ही नहीं." शेवटी पाच पोट्टे उरले. मंडळाचे सेक्रेटरी अच्युतराव म्हणाले, "शारदाताई, आता ठरावच झाला. पुढच्या मे महिन्याच्या एक तारखेले दहा विद्यार्थी नसले तं ती वेळ झुंबाले द्यावी लागीन." झुंबा! माझी अकरा वर्षांची बाराखडी, आणि तिथं आता ढमढम नाच. माझं तं डोकंच फिरलं.

वर्ग वाचवायचा तं पोट्ट्यांच्या हातात छापलेलं पुस्तक पाहिजे. घरात पोराचा जुना शाईचा प्रिंटर होता, पण वापरायचा दोन महिने आणि दहा महिने त्याची शाई वाळत बसायची. म्हणून लेझर, काळा-पांढरा, स्वस्तातला. मी ह्यांना एवढंच सांगितलं. तिथंच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फाइल उघडली. वर लिहिलं, 'गृहोपयोगी मुद्रण यंत्र खरेदी'. तीन दुकानांत जाऊन बंद पाकिटात भाव मागितले. पाकिटं उघडायला समिती बसली: हे स्वतः, मी, आणि शेजारचे धर्मपालभाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले. पहिल्या पाकिटात भाव निघाला, दुसऱ्यातही निघाला. तिसऱ्यात दुकानाचं कार्ड, आणि मागं पेनानं लिहिलेलं, "अंकल, आ जाओ, बैठके बात करेंगे."

"हे ग्राह्य नाही," हे म्हणाले. "दोनच कोटेशन झाले. पुन्हा मागवावं लागीन."

धर्मपालभाऊंनी पोह्यांची बशी संपवली आणि सही केली.

फेब्रुवारीत पुन्हा भाव आले, तं पसंत केलेलं मॉडेलच बंद झालं होतं. मार्चात तुलनात्मक तक्ता सुरू झाला. एका पानाले खर्च किती, टोनर, म्हणजे शाईची पावडर, किती पानं चालते, मशीनसोबत येणारा टोनर अर्धाच भरलेला असते का, पावडर रायपुरात भरून मिळते का. खोटं कशाला बोलू, तक्ता हुशारीचा होता. मशीन स्वस्त असली की तिचा टोनर महाग पडते, हे मले त्याच्यातूनच समजलं. पण तक्ता पूर्ण होईतोवर भावांची मुदत संपली.

"आता काय?" मी विचारलं.

"आता मुदतवाढीचं पत्र."

"अहो, एप्रिल लागला! पोट्ट्यांच्या आया म्हणून राहिल्या, आधी पुस्तक दाखवा, मग पाठवू. काहून माझा जीव खाऊन राहिले?"

"घाईत घेतलं का ऑडिटमध्ये निघते."

"कोणाचं ऑडिट? घरात विचारणारी मी एकटी हाये!"

बावीस एप्रिलले मी तक्ता उचलला, स्कूटी काढली आणि सदर बाजाराची गर्दी कापत त्या कार्डवाल्या दुकानात गेली. दुकानदाराचं नाव सौमित्र. पंधरा मिनिटांत प्रिंटर पसंत करून टाकला. दोन्ही बाजूंनी आपोआप छापते, मोबाइलवरून चालते, पावडर तोच भरून देते. खोकं बांधता बांधता सौमित्र म्हणाला, "आंटी, अब अंकल नहीं आएँगे क्या? हर मंगलवार ग्यारह बजे आते थे. इसी कुर्सी पे बैठते, चाय पीते, लिखते रहते. कोई पूछे तो बोलते, ऑफिस का काम है."

मी खुर्चीकडं पाहिलं. प्लास्टिकची, एक पाय तारेनं बांधलेला. मी घरून तणतणत निघाली होती, पण तिथं राग काही टिकला नाही. वाईट वाटलं मले, लई वाईट वाटलं.

घरी ह्यांनी खोकं उघडलं. बिल पाहिलं, मशीनचा नंबर फाइलमध्ये उतरवला, फाइलीची दोरी बांधली. "झालं मग," म्हणाले. त्या दिवशी नीट जेवले पण नाही.

मी सात-आठ दिवस छापतच होती. अक्षर कसं काळंभोर आलं! पुस्तकं घेऊन घरोघर फिरली. पण उशीर तो उशीरच. अर्धे पोट्टे तोवर क्रिकेटच्या नाही तं पोहण्याच्या क्लासात अडकले होते.

मे महिन्याच्या एक तारखेले संध्याकाळी हॉलमध्ये पोट्टे मोजले, तं नऊ. पुन्हा मोजले, नऊच. दारात अच्युतराव ठरावाचं रजिस्टर घेऊन उभे, त्यांच्या मागं झुंबावाली मॅडम स्पीकर धरून.

"ताई, मलेही वाईट वाटून राहिलं," अच्युतराव म्हणाले, "पण ठराव म्हणजे ठराव."

तेवढ्यात शेवटच्या सतरंजीवरून आवाज आला, "दहा आहेत."

हे कधी येऊन बसले, मले पत्ताच नाही. इस्त्रीचा शर्ट, पोट्ट्यांच्या रांगेत मांडी घातलेली.

"नीलकंठराव, मस्करी करून राहिले का?"

"ठराव वाचा. किमान दहा विद्यार्थी, बस. वयाची अट कुठं आहे, दाखवा मले."

अच्युतरावांनी रजिस्टर मागून-पुढून चाळलं. अट नव्हती. मॅडमनं स्पीकर खाली ठेवला.

"रोज यावं लागीन मग," अच्युतराव म्हणाले.

"मले दुसरं कुठं जायचं असते?" हे म्हणाले.

पोट्टे खिदळले. मले मात्र हसू आलं नाही. जाऊन ह्यांच्या हातात पुस्तक दिलं. ह्यांनी ते मांडीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि वर पाहून सगळ्यांदेखत मले विचारलं, "बाई, पान कोणतं?"

"पहिलं," मी म्हटलं.