खिएमचा उशिराचा तेत

खिएमच्या आयुष्यातला प्रत्येक तेत परगावी गेला. तेत म्हणजे नवं वर्ष, नाटकवाल्यांची सुगी. ज्या दिवसांत सगळी माणसं मिळेल त्या वाहनाने घराकडे धावतात, नेमक्या त्याच दिवसांत नाटकाची बोट घरापासून दूर दूर जायची. तिएन नदीच्या खालच्या अंगाला, या कालव्यातून त्या कालव्यात, जिथे देवळापुढे मांडव घालण्याइतकी जागा असेल तिथे मुक्काम.

खिएम त्या कंपनीत प्रॉम्प्टर होता. रंगमंचावर राजा गहिवरायचा, राणी प्राण सोडायची, सेनापती शपथ घ्यायचा, आणि यातला प्रत्येक शब्द त्यांच्या ओठांवर येण्याआधी विंगेतल्या अंधारात खिएमच्या ओठांवरून गेलेला असायचा. टाळ्या पडदा ओलांडून त्याच्यापर्यंत पोचत, पण थोड्या विझूनच.

सादेकच्या पुढे, एका कालव्याच्या काठी त्याचं घर. घरात त्याची बायको लुआ आणि अंगणात तिने लग्नाच्या वर्षी लावलेलं तेतचं झाड. या झाडाचं सगळं काम हातावर असतं. बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला त्याचं एकूण एक पान खुडायचं. झाड उघडं बोडकं होतं, कळ्यांना जोर चढतो, आणि दिवस बरोबर साधला तर तेतच्या पहिल्या सकाळी सबंध झाड पिवळं होऊन उभं राहतं. दिवस चुकला तर फुलं सणाआधीच गळतात किंवा पाहुणे परत गेल्यावर उमलतात. लुआने इतकी वर्षं ती पानं एकटीने खुडली आणि ती फुलं एकटीने पाहिली. खिएम घरी यायचा तेव्हा पहिला महिना उतरणीला लागलेला असायचा आणि झाडावर तांबूस कोवळी पालवी असायची.

"यंदा कसं फुललं होतं?" पाय धुता धुता तो विचारायचा.

"विचारू नका. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती."

"अरेरे. पुढच्या वर्षी बघू."

"हो. पुढच्या वर्षी नक्की."

त्यांच्या संसारात हे चार ओळींचं नाटक दरवर्षी न चुकता झालं.

मग कंपनीच बुडाली. बघायला येणारी माणसं फोनवर बघू लागली, नटांनी दुकानं टाकली, बोट एका वाळूवाल्याकडे गेली. गेल्या वर्षीच्या पहिल्या महिन्यात खिएम पेटी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आता पुढचा तेत इथे. तू आणि मी. झाड मी स्वतः बघणार."

लुआ हसली. आणि आठ-दहा दिवसांत तैवानहून मुलीचा, दुएनचा, फोन आला. तिला दिवस गेले होते, तब्येत नाजूक होती, सासू कामाची नव्हती. आई हवी होती.

"तेतच्या आत येते," लुआ निघताना म्हणाली. "पानं दोघं मिळून खुडू. तोवर झाडाला पाणी घाला, मुळाशी भाताचा तूस घाला, आणि कुणी फांदी मागायला आलं तर मी घरी नाही म्हणून सांगा."

"आणि मी घरात असलो तर?"

"तुम्ही कधी घरात असता? तुमच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही."

तर असा तो वर्षभर वाट बघायला बसला. जन्मभर जे काम तिने केलं ते आता त्याच्या वाट्याला आलं, आणि ते किती अवघड असतं हे त्याला उन्हाळ्यातच कळलं. चौथ्या महिन्यात कालव्याचं पाणी तळाला गेलं, बदकं चिखलातून चालू लागली. खिएम सकाळी झाडाला पाणी घाली, दुपारी झाडाकडे बघत बसे आणि संध्याकाळी फोन हातात घेऊन बसे. फोन लागला की लुआचा चेहरा दिसायचा, मागे कुठलं तरी पांढरंशुभ्र स्वयंपाकघर असायचं आणि याला शब्द सुचायचे नाहीत. राजाला विरह झाला असता तर खिएमने त्याला पानभर मजकूर पुरवला असता. स्वतःसाठी त्याच्याकडे एवढंच असायचं, "जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

पाचव्या महिन्याची पंचमी आली. त्या दिवशी भर दुपारी न फळणाऱ्या झाडांना जाब विचारायचा असतो. एकाने कोयता घेऊन झाडावर धावून जायचं आणि दुसऱ्याने झाडाआड लपून झाडाच्या वतीने गयावया करायच्या. शेजारच्या हेनवहिनींचा फणस कधीच फळला नव्हता.

"भावजी, तुम्ही झाड व्हा," हेनवहिनी म्हणाल्या. "एवढी वर्षं नाटकात काढलीत, आमच्या काही उपयोगी पडा."

खिएम फणसामागे उभा राहिला. आजूबाजूची पाच-पंचवीस माणसं जमली. हेनवहिनींनी कोयत्याची पाठ बुंध्यावर आपटली. "बोल मेल्या! यंदा फळ देणार की तोडू?"

"देतो, आई, देतो! मारू नको!" खिएमने असा टाहो फोडला की कालव्यापलीकडची कुत्री भुंकली. माणसं खदखदून हसली. हसणं ऐकलं आणि विंगेतल्या माणसाला पहिल्यांदाच चेव चढला. "पण आई, तू नुसती मागतेस. मला काय हवंय हे विचारलंस कधी?"

"काय हवंय तुला?"

"कुणी तरी शेजारी बसावं. बाकी काही नको."

हसणं जरा ओसरलं. हेनवहिनींनी कोयता काखेत धरला. "भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "झाडाने एवढं बोलायचं नसतं."

ही बातमी समुद्र ओलांडून तैवानला गेली. "तुम्ही फणस झालात म्हणे," लुआ फोनवर म्हणाली.

"झालो."

"एवढा आवाज होता, तर जन्मभर कुजबुजत का बसलात?"

सातव्या महिन्यात पाणी चढलं. शेतं बुडाली, बांध बुडाले आणि वरच्या देशातून बोटभर लांबीचे चंदेरी मासे पाण्याबरोबर खाली उतरले. पाण्याकाठच्या झुडपांवर पिवळी फुलं लटकली. ती फुलं आणि ते मासे घालून चिंचेचं आंबट कालवण करायचं, हा लुआचा हातखंडा. खिएमने केलेलं कालवण हेनवहिनींनी चाखलं आणि त्या बराच वेळ कालव्याकडे बघत राहिल्या.

"कसं झालंय?"

"मासे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचा काही दोष नाही."

त्याने ते पातेलं फोनसमोर धरलं. लुआने वाकून पातेल्यात बघितलं. मग म्हणाली, "वास येत नाही हो फोनवरून." दुएनला तोवर मुलगी झाली होती. फोन पुन्हा त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात फिरला, बाळाचं नाक दिसलं, आणि बोलणं तिकडे वळलं.

पाणी ओसरलं. दहाव्या महिन्याच्या शेवटी वारा फिरला. समुद्राकडून येणारा हा वारा नदीच्या प्रवाहाला उलटा भिडतो, लाटांना मागे रेटतो, आणि अंगावर आला की माणसाला कारण नसताना कुणाची तरी आठवण येते. परगावी गेलेले लोक याच वाऱ्यात तिकिटं काढतात. बोटीवर असताना खिएमने हा वारा इतकी वर्षं अंगावर घेतला होता, पण तेव्हा शिडात हवा भरते आहे एवढंच त्याला दिसायचं. आता ओसरीवर बसून तो दोन्ही हातांनी गुडघे धरायचा.

आणि बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला लुआ म्हणाली, "अहो, एक सांगायचंय. रागावू नका."

दुएनच्या सासूचा पाय मोडला होता. त्यांच्याकडेही नवं वर्ष, घरात माणसांचा राबता, आणि पोर तान्ही. "पहिल्या महिन्याची पौर्णिमा झाली की निघते. विसाव्या दिवसापर्यंत घरी."

"बरं."

"पानं वेळेवर खुडा. हेनला मदतीला घ्या. फुललं की मला फोनवर दाखवा."

"बरं," खिएम म्हणाला आणि फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन झाडाजवळ उभा राहिला. इतकी वर्षं तिने एकटीने बघितलं. आता त्याने एकट्याने बघायचं? मग बदललं काय?

पौर्णिमा आली. कालव्याच्या दोन्ही काठांवर शिड्या लागल्या, पोरंबाळं फांद्यांवर चढली, आणि खुडलेली पानं पाण्यावरून तरंगत गेली. खिएमच्या अंगणातलं झाड हिरवंच राहिलं. हेनवहिनी कुंपणाशी आल्या.

"भावजी, शिडी पाठवू?"

"नको."

"आज हवा थंड आहे, आजच खुडायला हवीत. चार दिवसांनी खुडून काही उपयोग नाही."

"बघू."

तेविसाव्या दिवशी, चुलीचे देव वर्षाचा हिशेब सांगायला वर जातात त्या दिवशी, त्यांना राहवलं नाही. त्या सरळ अंगणात शिरल्या आणि त्यांनी फांदीला हात घातला. खिएम धावला.

"हात लावू नका, वहिनी!"

"अहो, काय झालंय काय तुम्हाला? लोक म्हणतात बायको गेली आणि माणूस खुळावला."

"झाड तिचं आहे. ती आली की फुलेल."

"तेत झाल्यावर? बिनफुलांच्या घरात नवं वर्ष आणणार? देव वर जाऊन काय सांगतील?"

"सांगतील की मुख्य पात्र पोचलं नाही म्हणून प्रयोग पुढे ढकललाय," खिएम म्हणाला.

हेनवहिनींनी कपाळावर हात मारला. पण फांदी सोडली.

तेतच्या सकाळी सगळा काठ पिवळाधमक झाला. खिएमने इस्त्रीचा सदरा घातला, पूर्वजांपुढे कलिंगड आणि उदबत्ती ठेवली आणि तो दारात बसला. वर्षातलं पहिलं पाऊल जो घरात टाकतो त्याचं नशीब त्या घराला वर्षभर लागतं, म्हणून माणसं हौसेने येतात. पण फुलं नसलेल्या घरात पहिलं पाऊल टाकायला कुणी धजेना. उन्हं चढली. शेवटी हेनवहिनीच आल्या, तोंड वाकडं करून, वाफाळणारं डुकराचं कालवण घेऊन.

तेवढ्यात फोन वाजला.

"नवं वर्ष सुखाचं जावो," लुआ म्हणाली. "दाखवा झाड."

खिएम गडबडला. त्याने फोन उचलला आणि कुंपणापलीकडच्या झाडावर धरला. पिवळं, भरगच्च, सकाळच्या उन्हात झगझगणारं. 

"हे हेनचं झाड आहे," लुआ म्हणाली. "आपलं पाण्याकडे कलतं. आपलं कुठाय?"

हेनवहिनींनी गळ्यातल्या चौकड्यांच्या पंच्यात तोंड खुपसलं. खिएमने हळूहळू फोन वळवला. हिरवंगार झाड. पानांआड दोन-तीन कळ्या हट्टाने उमलल्या होत्या, तेवढ्याच.

लुआ बघत राहिली. खिएमला वाटलं, फोन तुटला.

"का?" तिने विचारलं.

"एकट्याने नाही बघायचं मला," तो म्हणाला.

लुआने फोन जवळ घेतला. "पान मागे ओढायचं. खाली नाही. खाली ओढलंत तर त्याच्या मुळाशी असलेली कळी निघून येते. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

तेत उलटला, गावातली फुलं गळून पडली, शिड्या माळ्यावर गेल्या, आणि तेव्हा खिएम शिडीवर चढला. प्रत्येक पान मागे ओढून खुडत होता. दुसऱ्या दिवशी हेनवहिनी आल्या आणि न बोलता खालच्या फांद्यांना लागल्या. पण हवेने दगा दिला. ऊन असं तापलं की कळ्या ठरल्या वेळेआधीच फुगल्या. खिएमने झाडावर नारळाच्या झावळ्या बांधल्या, सकाळ-संध्याकाळ गार पाणी शिंपडलं, बर्फवाल्याला थांबवून बर्फाचे तुकडे मुळाशी ठेवले. बर्फवाला निघून गेल्यावर तो झाडाला हळू आवाजात म्हणायचा, "अजून नाही. अजून नाही. तिची एन्ट्री व्हायची आहे." कळ्यांनी ऐकलं नाही. ती यायच्या दोन दिवस आधीच सबंध झाड फुललं, आणि खिएम घरात शिरून भिंतीकडे तोंड करून निजला. त्याला ते बघायचं नव्हतं. हेनवहिनींनी हाका मारल्या तरी तो बाहेर आला नाही.

लुआ आली तेव्हा दुपार होती. फेरीबोटीतून उतरून ती मागच्या वाटेने चालत आली. वारा सुटला होता. झाडाखालची जमीन पिवळी झाली होती आणि वर फांद्यांवर निम्मी फुलं अजून होती. खिएम दारात उभा राहिला. सकाळपासून त्याने जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

लुआने पिशवी खाली ठेवली. ती झाडाला एक फेरी मारून आली, मान वर करून बघत. मग त्याच्याकडे वळली.

"किती वाळलात!"

"कालवण माझ्याच हातचं खात होतो."

ती हसली आणि त्याचा हात धरून त्याला झाडाखाली घेऊन आली. दोघं उभी राहिली. एक फूल तिच्या खांद्यावर पडलं, चार-पाच त्याच्या पायाशी. काठावरून जाणारा एक सायकलवाला थांबला, पहिल्या महिन्याच्या शेवटी फुललेलं झाड बघून चक्रावला, आणि पुढे गेला.

"ते काय?" लुआने पाण्याकडच्या फांदीकडे बोट दाखवलं. "तिथली पानं तशीच राहिली."

"तिथे माझा हात पुरला नाही."

तिने ओसरीवरची खुर्ची आणली, चप्पल काढली आणि ती वर चढली. एक पान मागे ओढलं, मग दुसरं.

"किती दिवस आहेस?" खिएमने विचारलं.

"पाणी चढायच्या आत परत जायचं आहे. पोर अजून लहान आहे हो."

त्याने मान हलवली. वाऱ्यासरशी फुलांचा एक पूर तिच्या केसांवरून त्याच्या हातांवर आला.

"आणि पुढचा तेत?"

लुआने लांबच्या डहाळीकडे हात केला. टाचा उंचावल्या, खुर्ची डुगडुगली.

"बोलू नका," ती म्हणाली. "खुर्ची घट्ट धरा."