फडका पांढराच निघाला

उखर्डू मिस्त्री गेला तेव्हा धुळ्याच्या टॅक्सी स्टँडवर फळा लागला होता. वर त्याचं नाव, खाली 'देवमाणूस हरपला'. मी तो वाचला आणि तिथंच थुंकलो. दोन-चार पोरं माझ्यावर धावून आली, त्यांना माझी मानगूट धरायची होती. म्हटलं, धरा, पण आधी ऐकून घ्या. अख्ख्या खानदेशात त्याच्याइतकं इंजिन कळणारा माणूस नव्हता, हे मीच सांगणार. आणि त्याच्या त्या कळण्यापायी माझं वाटोळं झालं, तेही मीच सांगणार. मध्ये बोलायचं नाही.

मी दिवल्या. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला माझा पाडा. आमच्यात गाडीचं लायसन काढणारा मी पहिला. लायसन आलं त्या दिवशी माझ्या बायकोनं, रुपलीनं, ते शेजारपाजारच्या दहा बायांना दाखवलं होतं. ८६ साली मी धुळ्यात झुलाल आबाच्या अँबेसिडरवर ड्रायव्हर म्हणून लागलो.

मिस्त्री मूळचा पारोळ्याचा, बौद्धाच्या घरचा. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला त्यानं त्याच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला होता, बाहेर, पत्र्याच्या खोबणीत. चूक झाली की उस्ताद हातात असेल तो पाना हाणायचा. मिस्त्रीच्या डोक्यावर तीन ठिकाणी केस उगवत नव्हते. हे तो स्वतः सांगायचा, आणि हसायचा. पुढं त्यानं आग्रा रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं. ज्यांना त्याच्या घरचं पाणी चालत नव्हतं ते गाडीमालक नाक मुठीत धरून त्याच्या बाजेपाशी उभे राहायला लागले. त्याला ते फार आवडायचं. का आवडू नये?

त्याची एक रीत होती. तो गाडीत बसायचा नाही. गाडी त्याच्यासमोर आणायची, चालू करायची. तो लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा, इंजिन फिरवायला लावायचा, अंगठा किती जोरात उडतो ते बघायचा. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा फडका धरायचा, एक बिडी ओढून होईपर्यंत. फडका कोरडा काळा झाला तर पेट्रोल जास्त. तेलकट डाग आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढराच राहिला तर इंजिन चोख. एकदा तो बोलला की विषय संपला. दुसऱ्या मिस्त्रीकडे जायची कुणाची छाती नव्हती.

आणि हात सोडायला त्याला वेळ लागायचा नाही. दोंडाईच्याचा एक बियाणेवाला फियाट घेऊन आला, इंजिन खडखडतंय म्हणाला. मिस्त्रीनं सायलेन्सर हुंगला आणि विचारलं, "रॉकेल कितलं टाकस?" तो म्हणाला, छे छे, शुद्ध पेट्रोल. मिस्त्रीनं कानाखाली अशी ठेवून दिली की गालावर पाच काळी बोटं उठली. आम्ही ड्रायव्हर लोक आठ दिवस हसत होतो. मालकाला मारणारा कुणीतरी आहे, याचंच आम्हाला कौतुक. आम्हालाही तो मारायचा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो म्हणून त्यानं माझ्या पाठीत सोळा नंबरचा पाना फेकला होता. त्याचा मला राग नव्हता. ती चूक माझी होती.

झुलाल आबाच्या त्या गाडीचा मीटर एकदा पूर्ण फिरून शून्यावर आला होता आणि पुन्हा निम्म्यावर पोचला होता. धुळे-मालेगाव, दिवसाला दोन खेपा. म्हणजे लळिंगचा घाट चार वेळा. गाडी ऑइल खायची. दर दोन दिवसांनी इंजिनातली ऑइल मापायची पट्टी काढून बघावं तर खूण खाली गेलेली. ऑइलचा डबा आबा घरात कुलपात ठेवायचे आणि मला मापानं द्यायचे. रोज सकाळी तोच प्रश्न, "तेल कथं जास रे?" मी म्हणायचो, आबा, गाडीच पेस.

मी त्यांना सगळं नीट सांगितलं होतं. सपाटीला धूर नाही, उभ्या गाडीला धूर नाही. घाट उतरताना मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि खाली येऊन पुन्हा दाबला की आरशात मागचा रस्ता दिसत नाही, एवढा निळा धूर. रोज बघत होतो मी. माझे डोळे काय फुटले होते?

८८ च्या एप्रिलमध्ये आबा मला आणि गाडीला घेऊन मिस्त्रीकडे गेले. सकाळची नऊची वेळ, तीन-चार ड्रायव्हर तिथं आधीच बसलेले. मिस्त्रीनं पेचकस लावला. अंगठा लावला, तो चांगला उडाला. मग फडका धरला. बिडी संपली. फडका पांढराच निघाला.

मी मिस्त्रीला म्हटलं, "नाना, घाटात चला. उतरताना धूर येतो."

"घाटमा बठ्ठ्या ट्रका धूर सोडतस," तो म्हणाला. "तुन्हा आरसाले काय कळस?"

लळिंगचा घाट त्याच्या बाजेपासून दहा किलोमीटरवर. जाऊन यायला अर्धा तास लागला असता. तो उठला नाही. आबांकडे वळून म्हणाला, "इंजिन तेल पेत नही."

एवढंच. मला चोर तो म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती.

आबांनी खिळ्यावरचा जुना फॅनबेल्ट काढला. पहिला तडाखा मानेवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. मी खाली पडलो तर बरगडीत लाथ. "डोंगरातली जात," ते म्हणत होते, "चोरीबिगर राहस का?" मी सारखा तेच सांगत होतो, घाटात चला, घाटात चला. तोंडात रक्त, शब्दही नीट निघेना. मग त्यांनी माझा डावा हात ओढला, उघड्या बोनेटखाली मडगार्डच्या कडेवर ठेवला आणि बोनेटची टेकणकाडी लाथेनं उडवली.

अँबेसिडरचं बोनेट किती जड असतं, ते ज्यानं उचललंय त्याला विचारा. चार बोटं. मी किंचाळलो ते रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यानं ऐकलं. मिस्त्री चिंधीनं हात पुसत उभा होता. सगळं होऊन गेल्यावर म्हणाला, "आबा, बस करा आते." आधी नाही म्हणाला.

बोटं वाकडी जुळली, मुठीत यायची बंद झाली. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण उखर्डू मिस्त्रीच्या फडक्यानं चोर ठरलेल्या माणसाच्या हातात चाक कोण देणार? धुळ्यात नाही, शिरपूरला नाही. सोनगीरच्या रस्त्याला खडी मशीनवर मी आणि रुपली पाट्या वाहायला लागलो. दिवाळीच्या बाजारात माझ्या मेहुण्यानं चारचौघांत विचारलं, तेल कितीला विकलं रे? मी त्याचे दोन दात पाडले. त्याच्या भावांनी मला लोळवून तुडवलं. रुपली माहेरच्या लोकांशी भांडून माझ्यामागं आली, पण एक दिवस तिनंच हळूच विचारलं, "खरंच नव्हतं ना घेतलं?" मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. माझ्या नावाला चोराचा डाग लागला होता, आणि तो पुसल्याशिवाय मला माझ्याच घरात तोंड वर करून बसता येणार नव्हतं.

माझ्या जागी आबांनी त्यांचा सख्खा भाचा ठेवला होता, पुना. आठ महिने गेले. ऑइल जातच होतं, तेवढंच, दर दोन दिवसांनी. आबा पुन्हा मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं पुन्हा पेचकस, पुन्हा अंगठा, पुन्हा फडका. फडका पांढरा. पुना म्हणाला, मामा, घाट उतरताना धूर येतो. माझंच वाक्य, शब्दाला शब्द.

आबा म्हणाले, "मन्हा भाचा चोर नही शे."

आणि उखर्डू मिस्त्री बाजेवरून उठला आणि गाडीत बसला.

हे मला पुढं पुनानंच सांगितलं. मिस्त्री मागच्या सीटवर उलटा बसला, काचेतून मागं बघत. घाट उतरले, पायथ्याशी पुनानं ॲक्सिलरेटर दाबला, आणि काचेबाहेर सगळं निळं झालं. मिस्त्री म्हणाला, परत. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. तीनदा. मग तो खाली उतरून किलोमीटरच्या दगडावर बसला.

इंजिनचं हेड खोललं तर व्हॉल्व्ह ज्या नळ्यांत वर-खाली होतात ते गाइड इतके झिजलेले की व्हॉल्व्ह त्यात पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. उतारावर पाय काढला की इंजिन तिथून ऑइल ओढून घ्यायचं, पाय दिला की ते जळायचं. उभ्या गाडीला ओढ नाही, तर फडक्यावर डाग कुठून येणार? पिस्टनच्या रिंगा चांगल्या होत्या, म्हणून अंगठाही फसला. आबा म्हणाले, बदलून टाक, आणि बाहेर बोलू नको, तो डोंगऱ्या कुठं गेला कुणाला माहीत.

मिस्त्रीनं गाइड बदलले. दुसऱ्या दिवशी एसटीनं तो खडी मशीनवर आला. मी त्याला लांबून ओळखलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो धुळीत खाली बसला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"तू सांगं व्हतं," तो म्हणाला. "मी गऊ नही."

मी विचारलं, "पुनासाठी गेलास. माझ्यासाठी का नाही?"

तो खडीकडे बघत म्हणाला, "तू डोंगरमाधला. माले वाटनं, तेल इकत व्हशी."

खोबणीतल्या कपातून चहा प्यालेला माणूस हे मला सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढं काही राहिलं नाही. घणाचा दांडा उजव्या हातात आला तो मी त्याच्या खांद्यावर घातला, मग पाठीवर, मग पुन्हा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं एकदाही हात आडवा केला नाही. रुपलीनं मागून कमरेला मिठी मारून मला ओढलं, नाहीतर मी त्याला तिथंच संपवला असता, आणि मला वाईट वाटलं नसतं.

तो कण्हत उठला. "आठे नको," म्हणाला. "स्टँडवर चाल. बठ्ठास्ना समोर." सगळ्यांसमोर.

दहा-साडेदहाला आम्ही स्टँडवर पोचलो. त्याचा सदरा रक्तानं भरलेला, एक खांदा खाली लोंबलेला. सगळे ड्रायव्हर गोळा झाले. आबांची गाडी रांगेत उभी, पुना चाकावर, आणि आबा पलीकडे चहाच्या गाडीवर बशी धरून. मिस्त्री मोठ्यानं म्हणाला, "दिवल्या चोर नही शे. तेल इंजिन पेत व्हतं. चूक मन्ही शे." मग त्यानं त्याच गाडीचं बोनेट उचललं, टेकणकाडी लावली आणि स्वतःचा उजवा हात मडगार्डच्या कडेवर ठेवला.

"पाड," मला म्हणाला.

लोकांना वाटतं मी माफ केलं असेल. स्टँडवरची पोरं तसंच सांगतात, दिवल्याभाऊनं मिस्त्रीला मिठी मारली. मारली नाही. मी त्याच्याकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं, ज्या हाताच्या अंगठ्यानं खानदेशातली निम्मी इंजिनं ओळखली होती, आणि काडीला लाथ घातली. मिस्त्री गुडघ्यावर आला. त्या हातानं पुन्हा पाना धरला नाही. पुढची नऊ वर्षं तो बाजेवर बसून दुसऱ्यांना सांगत राहिला, आणि कुठलाही ड्रायव्हर घाटाचं नाव काढो, उठून गाडीत बसत राहिला. म्हणून तुमचा तो देवमाणूस.

पण त्या दिवशीचं अजून एक राहिलं. ते मी रुपलीलाही सांगितलेलं नाही. मिस्त्री खाली पडलेला असताना आबांनी चहा संपवला, बशी ठेवली आणि रस्ता ओलांडून आले. बोनेटला पोचा आला का ते हात फिरवून बघितलं. पुनाला म्हणाले, चल, मालेगावना भाडं शे. माझा हात मोडणारा माणूस माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझ्या अंगात अजून जोर होता, अख्खा स्टँड माझ्या बाजूनं होता. आणि गाडीचं दार उघडायला त्यांना जागा हवी होती, तर मी "आबा" म्हणून बाजूला सरकलो.